उंची वाढवलीत, पण बार लावलात का?

गाडी लिफ्ट केल्याचे फोटो सगळेच टाकतात. गाडीच्या पोटाखालचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. खरी परीक्षा तिथेच असते.

अमेरिकन पिकअपचं एखादं तरी रील तुमच्या फोनमध्ये सेव्ह असणारच. तिकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात. कमरेएवढे टायर, चिखलाचे फवारे आणि दोन पायऱ्या चढून बसावं लागेल इतकी उंच गाडी. असं रील बघून ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, 'भावा, आपली जिप्सी पण अशीच करायची!' मग सेकंडहँड जिप्सी शोधली जाते, वर्गणी निघते, गॅरेज ठरतं. 'काका, चार-पाच इंच उचलून द्या,' एवढी एकच ऑर्डर असते. आठवड्याभराने गाडी बाहेर येते, ती एकदम राडा दिसते आणि फोटोसेशन होतं.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. मागच्या एक्सलचं काय?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. पाट्यांची गाडी उचलायची असेल, तर ट्रॅक्शन बारसकट उचला. बारला पैसे पुरत नसतील, तर उंचीलाही पुरत नाहीत असं समजा आणि गाडी कंपनीने दिली तशी ठेवा. मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, इंजिनिअर नाही. पण ही गोष्ट समजायला अकरावीचं फिजिक्स पुरतं. ते आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घोकलंय.

आधी गाडी कुठली ते बघा

हा विषय सगळ्या गाड्यांचा नाही. मागे कॉइल स्प्रिंग असतील, तर एक्सल धरून ठेवायला वेगळे दांडे असतात. २०२० मध्ये आलेली नवी थार त्या प्रकारातली. प्रश्न येतो तो पाट्यांच्या गाड्यांना. जिप्सीला चारही चाकांना पाटे आहेत. २०१० मध्ये आलेल्या जुन्या थारला मागे पाटे होते. इसुझूच्या व्ही-क्रॉसला मागे पाटे आहेत. भाजी मंडईत रोज दिसणाऱ्या बोलेरो पिकअपलाही आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या पिकअपचंही तेच.

पाटे म्हणजे भारी आयडिया, यात वादच नाही. स्वस्त, दणकट, ओझं पेलणारे आणि कुठल्याही हायवेवरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होणारे. पण त्यांच्या डोक्यावर कामं दोन असतात. एक म्हणजे गाडीचं वजन पेलणं. दुसरं म्हणजे एक्सलला जागच्या जागी धरून ठेवणं. पहिलं काम ते मस्त करतात. दुसरं काम कंपनीच्या उंचीवर निभावून नेतात. उंची वाढली की इथेच गडबड सुरू होते.

ड्रिल मशीन आठवा

भिंतीला भोक पाडताना ड्रिलचं बिट एकदम अडकतं तेव्हा काय होतं? बिट फिरायचं थांबतं आणि मशीनच तुमचं मनगट पिरगाळतं. न्यूटनचा तिसरा नियम. बिट भिंतीला जेवढ्या जोराने फिरवतं, तेवढ्याच जोराने भिंत मशीनला उलटं फिरवते.

गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये हेच चालतं. इंजिन प्रोपेलर शाफ्ट फिरवतं, शाफ्ट डिफरन्शियलमधला पिनियन फिरवतो आणि पिनियन चाकं फिरवतो. चाकं पुढे फिरतात तेव्हा एक्सलचं हाउसिंग उलट्या दिशेने फिरू बघतं. पिनियनचं नाक वर उचललं जातं. त्या हाउसिंगला धरून ठेवणारं मनगट म्हणजे तुमचे पाटे. जोर जास्त झाला की ते मुरडतात आणि इंग्रजी एस अक्षरासारखे दिसायला लागतात. पुढचा अर्धा भाग एकीकडे वाकतो, मागचा दुसरीकडे. याला म्हणतात एक्सल रॅप.

पाटे नुसते मुरडून थांबले असते, तर चाललं असतं. पण स्प्रिंग मुरडली की ताकद साठवते. ओल्या चढावर टायरची पकड सुटली की ती साठवलेली ताकद एकदम सुटते आणि एक्सल झटक्यात परत येतो. टायर पुन्हा पकड घेतो, पाटे पुन्हा मुरडतात, पकड पुन्हा सुटते. हे एका सेकंदात अनेकदा होतं. बाहेरून ऐकायला येतं ते धडधडधड, आणि मागचं चाक जमिनीवर नाचताना दिसतं. रीलमध्ये ते भारी दिसतं. गाडीच्या दृष्टीने मात्र तो प्रत्येक धक्का शाफ्टच्या क्रॉसवर मारलेला हातोडा असतो.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रुपबरोबर फोटो काढायला गेले होते. खासगी जागा होती, चढ ओला होता. लिफ्ट केलेली एक जिप्सी अर्ध्यावर गेली, मागची चाकं नाचली, चालवणाऱ्याने अजून रेस दिली आणि धाडकन आवाज झाला. क्रॉस तुटून शाफ्ट चिखलात लोंबत होता. मुलगा खाली उतरून म्हणाला, "माल डुप्लिकेट निघाला यार!" असेलही. पण आम्ही सगळे गाडीखाली वाकलो तेव्हा पाटे, शाफ्ट आणि चिखल एवढंच दिसलं. एक्सलला आवरणारं तिथे काहीच नव्हतं.

तुटलेला शाफ्ट मोकळा फिरत राहिला, तर ब्रेकच्या पाइपवर आपटू शकतो, इंधनाच्या टाकीवर आपटू शकतो. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये असेल, तर इंजिनाचं ब्रेकिंगही त्याच क्षणी संपतं. घाट उतरताना हे झालं तर? रीलमध्ये हा भाग नसतो.

पाच इंचांचं गणित

आता उंचीचा आणि याचा संबंध बघू. गाडीला पुढे ढकलणारा जोर येतो तो टायर जिथे जमिनीला टेकतो तिथून. पाटे असतात त्याच्या वर. या दोघांमधलं अंतर हीच तरफ. अंतर जितकं जास्त, तितका पाट्यांना बसणारा पीळ जास्त. हा तरफेचा नियम शाळेतलाच आहे.

जिप्सीत मुळात पाटे एक्सलच्या खालून जातात. लिफ्ट करताना लोक पॅड कापून नवे वेल्ड करतात आणि पाटे एक्सलच्या वर घेतात. या एका बदलाने गाडी साधारण पाच इंच उचलली जाते. वरून मोठे टायर येतात.

समजा आधीचा टायर २८ इंची होता. म्हणजे जमिनीपासून एक्सलच्या मध्यापर्यंत १४ इंच. पाटे मध्यापासून ३ इंच खाली आहेत असं धरू. तरफ झाली १४ वजा ३, म्हणजे ११ इंच. आता ३२ इंची टायर टाकला आणि पाटे ३ इंच वर घेतले. तरफ झाली १६ अधिक ३, म्हणजे १९ इंच. इंजिन तेच, पाटे तेच. पण जमिनीवर तेवढाच जोर लागला, तरी पाट्यांना बसणारा पीळ जवळपास पावणेदोन पट झाला. आकडे तुमच्या गाडीचे वेगळे असतील. टेप घ्या आणि स्वतः मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

पिकअपमध्ये पाटे सहसा आधीच एक्सलच्या वर असतात. तिथे लोक एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ब्लॉक टाकतात. स्वस्त आणि झटपट. पण ब्लॉक जितका उंच, तितकी तरफ लांब. ब्लॉकवर ब्लॉक रचायचा जुगाड तर करूच नका, आणि पुढच्या एक्सलला ब्लॉक कधीच नको. या दोन गोष्टींवर जाणकार मिस्त्रींमध्ये दुमत सापडणार नाही.

बार म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्शन बार म्हणजे साध्या भाषेत एक्सल आणि चॅसीच्या मधला एक दणकट दांडा. एक्सल गरगरू बघतो तेव्हा हा दांडा त्याला धरतो. पाट्यांनी फक्त वजन पेलायचं, पीळ बारने घ्यायचा, अशी कामाची वाटणी होते. कल्पना नवी नाही. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगवाल्यांनी ती कधीच वापरात आणली होती. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० मस्टँगला मागे पाटे होते आणि तिच्यावर ट्रॅक्शन बार लावूनच ती विकली जायची. म्हणजे ज्यांना गाडी खरंच पळवायची होती, त्यांनी हा खर्च तेव्हाही टाळला नव्हता.

उचललेल्या ऑफ-रोड गाडीसाठी सगळ्यात जास्त चालणारा प्रकार म्हणजे लॅडर बार. शिडीसारखा दिसतो म्हणून हे नाव. एक्सलवर एक जोड मध्याच्या वर, एक खाली. तिथून दोन पाइप पुढे येतात आणि एका टोकाला मिळतात. ते टोक चॅसीला जोडायचं. गंमत अशी की हे शेवटचं वाक्य जितकं सोपं वाटतं, तितकंच तिथे लोक चुकतात.

पुढचं टोक चॅसीला थेट बोल्टने पक्कं केलं, तर काय होईल? कंपास घ्या. कागदावर दोन वेगवेगळ्या ठिकाणी टोक ठेवून दोन वेगळ्या त्रिज्यांचे कंस काढा. ते एखाद्या बिंदूत भेटतील आणि मग दूर जातील. चाक वर-खाली होताना एक्सल पाट्यांच्या कंसावर फिरतो आणि बार त्याच्या स्वतःच्या कंसावर. दोघांचे मार्ग जुळत नाहीत. मग दोघं एकमेकांना ओढतात. सस्पेन्शन आखडतं, बुश फाटतं, ब्रॅकेट उखडतं, नाहीतर पाटा तुटतो. म्हणजे बार लावूनसुद्धा गाडी आधीपेक्षा वाईट.

यावर उपाय आहे शॅकल. पाट्यांच्या मागच्या टोकाला असते तशीच एक छोटी झुलती जोडणी. बारचं पुढचं टोक शॅकलला लटकवायचं. ते पुढे-मागे हलू शकतं, त्यामुळे कंसांचं भांडण मिटतं. पण वर-खाली सरकू शकत नाही, त्यामुळे पीळ अडतो. आपल्याला नेमकं एवढंच हवं आहे. दोन बोटांएवढी ही जोडणी नसेल, तर बाकीच्या कामाला फारसा अर्थ उरत नाही.

लांबी आणि ताकद

बार किती लांब हवा? परत साधं गणित. समजा इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं, पहिला गिअर ४ पट वाढवतो आणि डिफरन्शियल अजून ४ पट. मागच्या एक्सलवर झाले ४,८०० न्यूटन-मीटर. टायरची पकड टिकली आणि सगळा भार बारवर आला, तर १.२ मीटर लांब बारचं पुढचं टोक चॅसीला सुमारे ४,००० न्यूटनने वर ढकलेल. म्हणजे जवळपास ४०० किलोंचा धक्का. बार निम्म्या लांबीचा केला, तर धक्का दुप्पट, ८०० किलो. म्हणून आखूड बार नको. आणि म्हणूनच चॅसीच्या ज्या आडव्या दांड्यावर तो लटकतो, तो पातळ पत्र्याचा असून चालत नाही. लॅडर बार साधारण प्रोपेलर शाफ्टच्या लांबीच्या आसपास ठेवतात. त्यामुळे चाक खाली-वर होताना पिनियनचा कोन शाफ्टला सोसवेल असाच बदलतो.

'दोन्ही बाजूंना दोन बार टाकू, डबल भारी' असंही कुणी सुचवेल. ऑफ-रोड गाडीत ते उलटं पडू शकतं. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात अशा वेळी एक्सल तिरका होतो. दोन लॅडर बार एक्सलला पक्के जोडले असतील, तर ते त्याला तिरकं होऊ देत नाहीत आणि चाक हवेत राहतं. एक्सलचं हाउसिंग एकसंध असतं, त्यामुळे नीट बांधलेला एकच बार पीळ अडवायला बहुतेकदा पुरतो.

करून घेताना काय बघाल?

तुम्ही स्वतः वेल्डिंग करणार नसाल, तरी समोर उभं राहून या गोष्टी बघता येतात. मिस्त्री चांगला असेल, तर प्रश्न विचारल्याचा त्याला राग येणार नाही. उलट कळतंय कुणाला तरी, म्हणून तो खूश होईल.

• पाइप जाड भिंतीचा, सीमलेस घ्या. घराच्या ग्रिलचा पाइप बारला चालत नाही. तो दिसायला सारखाच असतो, पण वाकतो.

• माप गाडी सपाट जागेवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या. गाडी जॅकवर लटकवून घेतलेलं माप खोटं असतं. बुशचे बोल्टही शेवटी गाडी चाकांवर असतानाच आवळायचे.

• एक्सलच्या नळीवर सलग लांब वेल्डिंग नको. उष्णतेने नळी वाकते. थोडं थोडं, जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत. डिफरन्शियलचा ओतीव भाग तापवल्याशिवाय आणि त्यातलं कळणाऱ्याशिवाय वेल्ड करायला देऊ नका.

• वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा. ब्रेकचे पाइप आणि इंधनाची नळी कुठून जाते, ते आधी बघा.

• यू-बोल्ट काढले, तर तेच परत वापरू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसाच धरत नाही. थोडं अंतर चालवल्यावर नवे पुन्हा आवळा.

• काम झाल्यावर गाडीचं एक मागचं चाक उचलून एक्सल पूर्ण तिरका करून बघा. दोन्ही बाजूंनी. शॅकल उलटा पडतोय का, बार कशाला घासतोय का, शाफ्टचा क्रॉस अडकतोय का? अडकत असेल, तर काम अजून बाकी आहे. या वेळी गाडी नुसत्या जॅकवर सोडून खाली कुणीही शिरायचं नाही. स्टँड लावायचे आणि पुढची चाकं अडवायची.

अजून एक सोपी टेस्ट. मोकळ्या मैदानात, आजूबाजूला कुणी नसताना, गाडीखाली अॅक्शन कॅमेरा पक्का बांधून मागच्या पाट्यांचा व्हिडिओ घ्या. जागेवरून गाडी जोरात काढा, मग ब्रेक मारा. बार लावण्याआधी पाटे वळवळताना स्वच्छ दिसतील. ब्रेक मारताना पीळ उलट्या बाजूने बसतो, तोही दिसेल. बार लावल्यानंतर हाच व्हिडिओ परत घ्या. रीलच करायचं, तर याचं करा ना!

"पण आम्ही हळूच चालवतो"

हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकलाय. मुद्दा पटण्यासारखा वाटतो, पण फसवा आहे. दगडांवरून हळू जाताना तुम्ही लो रेंजमध्ये असता. वेग कमी असतो, पण चाकांवरचा टॉर्क सगळ्यात जास्त तिथेच असतो. एक्सलला पीळ बसायला वेग लागत नाही.

दुसरा युक्तिवाद आजोबांच्या जीपचा. 'ती डोंगर चढायची, तिला कुठे होता बार?' नव्हता, बरोबर. पण ती जीप कंपनीच्या उंचीवर होती, तिचे टायर छोटे होते आणि इंजिनही आजच्या मानाने शांत होतं. तिन्ही गोष्टी आपण बदलल्या आणि पाटे मात्र तेच ठेवले.

तिसरा मुद्दा खरा आहे. एखादा पाटा वाढवून किंवा कडक पाटे टाकूनही पीळ कमी होतो. होतो, नक्की. उंची थोडीच वाढवायची असेल, तर ब्लॉकपेक्षा ते बरंच. पण गाडी कडक होते, चाकं जमीन सोडायला लागतात. म्हणजे ज्या खडबडीत रस्त्यासाठी उंची वाढवली, तिथेच ती कमी उपयोगाची ठरते. निवड तुमची. काहीच न करणं हा पर्याय मात्र त्यात नाही.

आणि पैसे? चार मोठ्या टायरच्या बिलापुढे एक पाइप, दोन-तीन बुश, थोडं प्लेट-कटिंग आणि दिवसभराची मजुरी म्हणजे किरकोळ खर्च. तो टाळला जातो, कारण बार फोटोत दिसत नाही. माझा राग नेमका यावर आहे. दिसणाऱ्या गोष्टीवर हजारो रुपये घालायचे आणि तीच गोष्ट पेलणाऱ्या दांड्यावर वाचवायचे, ही सवय गाडीपुरती राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

आता कडू गोळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदावरची माहिती कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणजे पाच इंच उचललेली गाडी घेऊन रोज कॉलेजला येणं हा कूलनेस नाही, धोका आहे. उंच गाडीचा तोल वर सरकतो आणि समोरच्या छोट्या गाडीसाठी तुमचा बंपर चुकीच्या उंचीवर येतो. बार लावल्याने यातलं काहीच सुधारत नाही. म्हणून रोजच्या रस्त्यावरची गाडी उचलूच नका, असंच मी म्हणेन. उचललेली गाडी खासगी जागेवर, ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन चालवायची. तिथेही बार हवाच.

पण एक तक्रार कायद्याबद्दलही आहे. सध्याच्या व्यवस्थेत सगळं काम चोरून होतं. चोरून झालेलं वेल्डिंग कुणी तपासत नाही. बिनबारची गाडी आणि नीट बांधलेली गाडी, दोघी एकाच गुन्ह्याच्या रांगेत. मग जास्त मेहनत घ्यायची कशाला, असं मिस्त्रीला आणि मालकाला वाटतं. जर्मनीत ट्यूव्हसारख्या मान्यताप्राप्त संस्था गाडीतला बदल तपासतात आणि पास झाला तर तो कागदावर नोंदवतात. ऑस्ट्रेलियात अशा बदलांसाठी राष्ट्रीय नियमावलीच आहे. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, राज्यभर इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. ठरावीक मर्यादेतले बदल तपासून, फी घेऊन, शिक्का मारून देणारी खिडकी उघडणं अशक्य नाही.

हे आपल्याला परकंही नाही. बाहा एसएईइंडियासारख्या स्पर्धेत कॉलेजच्या टीम स्वतः बग्गी बनवतात. ट्रॅकवर जाण्याआधी तिची कसून तपासणी होते, आणि त्यात जी पास होत नाही ती पळत नाही. तुमच्याच कॉलेजमधली मुलं परीक्षकांसमोर प्रत्येक जोडाचा हिशोब देतात. तीच मुलं सुट्टीत गल्लीतल्या गॅरेजमध्ये जिप्सी उचलताना एकही प्रश्न विचारत नाहीत. असं का, हे मेकॅनिकलच्या मित्रांनी मनाशीच विचारून बघावं.

आणि तुमच्यातलं कुणी या महिन्यात आधीच लिफ्ट केलेली सेकंडहँड गाडी बघायला जाणार असेल, तर टॉर्च घेऊन जा. कॅरिअर, लाइटबार, स्टिकर नंतर बघा. आधी खाली वाका. मागच्या पाट्यांवर नव्या चिरा किंवा सरकल्याच्या चकचकीत खुणा आहेत का? शाफ्टचा क्रॉस हाताने हलवला तर खडखडतो का? ब्लॉकवर ब्लॉक आहे का? एक्सलपासून चॅसीपर्यंत जाणारा दांडा दिसतो का, आणि त्याच्या पुढच्या टोकाला शॅकल आहे का? मालकाला विचारा, "दादा, उंची कुणी वाढवली आणि बार कुठे आहे?" तो 'कसला बार?' म्हणाला, तर किमतीत शाफ्ट, पाटे आणि बारचा खर्च धरा, नाहीतर दुसरी गाडी बघा.